कर्ज सरकारचं, हप्ते आपले!

मित्रांनो, विषय जरा रटाळ आहे हे आधीच सांगून टाकतो. कविता, ट्रेकची वर्णनं आणि हॉस्टेलच्या गमतीजमती यांच्या शेजारी 'सरकारी कर्ज' म्हणजे पानात श्रीखंडाशेजारी कारल्याची भाजी! पण या कर्जाचे हप्ते ज्यांच्या पगारातून कापले जाणार आहेत ते कोणी परके नाहीत. आज व्हायवाच्या रांगेत उभे असलेले तुम्ही-आम्हीच आहोत. तेव्हा दहा मिनिटं द्या.

सुरुवात एका आकड्याने करू. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नुसत्या व्याजासाठी सुमारे १२ लाख ७६ हजार कोटी रुपये धरले होते. मुद्दल नव्हे, फक्त व्याज. 'लाख कोटी' म्हटलं की डोळ्यांपुढे काहीच येत नाही, म्हणून मी सरळ कॅल्क्युलेटर काढला. दिवसाला साधारण ३,५०० कोटी. तासाला १४५ कोटी. म्हणजे आपण शेवटच्या बाकावर बसून एक लेक्चर झोपेत काढेपर्यंत देशाने १४५ कोटी व्याज दिलेलं असतं.

अजून समजत नसेल तर आपल्या दारातलं माप घेऊ. शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला. लांबी २१.८ किलोमीटर, खर्च सुमारे १७,८४० कोटी. भागा बरं! केंद्र सरकार पाच दिवसांत जेवढं व्याज देतं, तेवढ्यात जवळजवळ एक अटल सेतू उभा राहतो. आणि गंमत म्हणजे तो सेतूही मुख्यतः जपानच्या 'जायका' संस्थेच्या कर्जावरच उभा आहे.

आता कोणी म्हणेल, "मग कर्ज काढूच नये!" हे म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. मोबाईलवर अधूनमधून मेसेज फिरतो की 'प्रत्येक भारतीयाच्या डोक्यावर इतकं कर्ज'. हिशेब केला तर केंद्राचं कर्ज साधारण २०० लाख कोटी, म्हणजे डोकी सव्वा लाखाच्या वर भरतं. वाचून घाम फुटतो. पण हे पैसे सरकारला दिले कोणी? बहुतांश आपणच! आजीची एफडी ज्या बँकेत आहे ती बँक, बाबांची एलआयसी, आईचा पीएफ हे सगळे सरकारी रोखे घेतात. बँकांना तर ठेवींपैकी ठरावीक हिस्सा अशा सुरक्षित रोख्यांत ठेवण्याची सक्तीच आहे. १९९० च्या सुमारास हा हिस्सा ३८.५ टक्के होता, २०२० पासून १८ टक्के आहे. केंद्राच्या कर्जात परदेशी कर्जाचा वाटा फार थोडा. त्यामुळे नुसता कर्जाचा आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही. विचारायचे प्रश्न दोनच : पैसा कशात गेला? आणि तो परत कधी येणार?

चांगल्या उत्तराचं उदाहरण आपल्या पायाखालीच आहे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. हे शहर उभं राहिलं ते मुख्यतः जमीन घ्यायची, विकसित करायची, विकायची आणि आलेला पैसा पुढच्या नोडमध्ये घालायचा, या पद्धतीने. मानखुर्द-वाशी रेल्वेचा दोन तृतीयांश खर्च सिडकोने उचलला, उरलेला रेल्वेने. ९ मे १९९२ ला खाडीवरून लोकल धावली आणि तो खर्च भरून काढायला पुढे कित्येक वर्षं नवी मुंबईच्या तिकिटावर अधिभार लागला. जो प्रवास करतो तो थोडे जास्त देतो आणि त्याच्या बदल्यात रोजचा तासभर वाचवतो. आज पैसा, उद्या फायदा, आणि फायदा ज्याला त्याच्याकडूनच वसुली. याला कोण नावं ठेवेल?

अर्थात हा हिशेबही पूर्ण नाही. या शहराची खरी किंमत मोजली ती इथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी उरण तालुक्यात आंदोलन झालं, त्यात गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली ती त्यानंतर. ताळेबंदात न दिसणारं कर्जही असतं, हे इथे राहणाऱ्याने तरी विसरू नये.

आता त्याच्या उलट गोष्ट. १९९६ साली महाराष्ट्राने जवळजवळ एकाच वेळी दोन मोठे डाव मांडले. एक, रस्ते विकास महामंडळ, म्हणजे एमएसआरडीसी. दुसरं, कृष्णा खोरे विकास महामंडळ. सरकार तेच, मार्गही तोच : अर्थसंकल्पात पैसा नाही ना, मग महामंडळ काढा आणि कर्जरोख्यांतून बाजारातून पैसा उभा करा.

पहिल्या डावातून मुंबई-पुणे एक्सप्रेसवे झाला. २००० ते २००२ या काळात तो टप्प्याटप्प्याने पूर्णही झाला. पहिल्या दिवसापासून गाड्या धावल्या, टोल जमू लागला. दुसऱ्या डावामागे घाई होती. बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेलं कृष्णेचं पाणी ३१ मे २००० च्या आत अडवलं नाही तर फेरविचारात हातचं जाईल, ही ती भीती. भीती खोटी नव्हती. पण म्हणून एकाच वेळी असंख्य धरणं, कालवे, उपसा योजना सुरू झाल्या. पैसा सगळीकडे थोडा थोडा पसरला. कुठे भिंत झाली तर कालवा नाही, कालवा झाला तर पोटचाऱ्या नाहीत, पंप आले तर विजेचं बिल भरायला पैसे नाहीत. पाणी रखडलं, व्याज मात्र रखडलं नाही! ते रोखे विकल्या दिवसापासून चालू झालं. रोख्यांना राज्याची हमी होती, त्यामुळे बोजा शेवटी राज्याच्या तिजोरीवरच आला.

आपल्या मासिकात हा विषय मी का घेतला त्याचं कारण इथे आहे. दोन्ही डावांत कर्ज सारखंच होतं. फरक पडला तो काम वेळेत पुरं होण्या-न होण्याचा. म्हणजे हा विषय फक्त कॉमर्सवाल्यांचा नाही, आपलाही आहे. बार चार्ट आणि सीपीएम आपण मार्कांपुरते पाठ करतो. पण त्यातला प्रत्येक उशिराचा महिना कोणाच्या तरी व्याजाचा महिना असतो. विदर्भातल्या गोसीखुर्द प्रकल्पाचा १९८३ चा अंदाज ३७२ कोटी होता. भूमिपूजन १९८८ साली झालं. पुढे सुधारित खर्च १८ हजार कोटींच्या वर गेला. त्यात महागाई आहे, भूसंपादन आहे, पुनर्वसन आहे, सगळं मान्य. पण पन्नास पट? आणि मधली तीस-पस्तीस वर्षं ज्या शेतकऱ्याने कालव्याची वाट पाहिली त्याचं काय?

एक्सप्रेसवेची गोष्टही वाटते तितकी गोड नाही. २००४ मध्ये एक्सप्रेसवे आणि जुना पुणे रस्ता यांची पुढच्या पंधरा वर्षांची टोलवसुली कंत्राटदाराला देऊन ९१८ कोटी एकरकमी घेतले गेले. ती मुदत संपल्यावर २०२० मध्ये पुन्हा दहा वर्षांचा ८,२६२ कोटींचा करार झाला, त्यातलेही ६,५०० कोटी आगाऊच. यात बेकायदा काही नाही, जुनं कर्ज फेडायला असं करावंही लागतं. पण अर्थ समजून घ्या. पुढच्या पंधरा वर्षांत जे सरकार येईल, त्या सरकारच्या काळातलं उत्पन्न आजच घेऊन झालेलं असतं. पुढचा मुख्यमंत्री कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्या हातात रस्ता येतो, पण रस्त्याची कमाई येत नाही.

कर्जाचा दूरवरचा परिणाम नेमका हाच आहे असं मला वाटतं. देश एका रात्रीत बुडत नाही. हळूहळू पुढच्या पिढीच्या हातातला पर्याय कमी होत जातो.

आपल्या भाषेत सांगायचं तर डेड लोड आणि लाइव्ह लोड. स्लॅबला स्वतःचंच वजन पेलवेनासं झालं की तिच्यावर माणसं किती उभी राहणार? सरकारी खर्चातला डेड लोड म्हणजे पगार, पेन्शन आणि व्याज. काहीही झालं तरी हे द्यायचंच. महाराष्ट्राच्या महसुली उत्पन्नातला निम्म्याहून जास्त भाग या तिघांतच जातो. उरलेल्यात रस्ते, शाळा, दवाखाने, पाणी आणि आपल्या शिष्यवृत्त्या. यातला पगार निदान काम करणाऱ्या माणसाला मिळतो, पेन्शन काम केलेल्या माणसाला. व्याज मात्र आधीच संपलेल्या पैशाचं भाडं. त्यातून नवा खिळासुद्धा येत नाही.

मार्च २०२५ मध्ये मांडलेला राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प बघा. कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज. व्याज ६४ हजार कोटींच्या वर. सरकारचं म्हणणं असं की हे कर्ज राज्याच्या सकल उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आत आहे, मर्यादा २५ टक्क्यांची आहे, मग चिंता कसली? हा मुद्दा खरा आहे. महाराष्ट्राची प्रकृती इतर अनेक राज्यांपेक्षा बरी आहे, हे नाकारायचं कारण नाही.

पण त्याच अर्थसंकल्पात आणखी एक आकडा आहे : महसुली तूट ४५,८९१ कोटी. म्हणजे रोजचा घरखर्च उत्पन्नात भागत नाही म्हणून उसनवारी. एज्युकेशन लोन काढून फी भरणं वेगळं आणि लोन काढून मेसचं बिल भरणं वेगळं. पहिल्यातून डिग्री तरी हाती येते. दुसऱ्यातून महिनाअखेर पुन्हा भूकच!

शिवाय ९ लाख ३२ हजार कोटींत सगळं येतंच असंही नाही. महामंडळांनी काढलेलं कर्ज वेगळं, त्यांना दिलेल्या हम्या वेगळ्या. हमी म्हणजे नातेवाइकाच्या कर्जाला जामीन राहणं. तो फेडतो तोवर सगळं गोड. दाभोळच्या वीज प्रकल्पाच्या वेळी २००१ मध्ये बिलं थकली आणि राज्याची हमी, तिच्या मागे केंद्राची प्रतिहमी, असं सगळं कपाटातून बाहेर आलं. आणि तिसरा प्रकार थकित बिलांचा. २०२५ मध्ये राज्यभरच्या कंत्राटदारांच्या संघटना थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर उतरल्या. काम झालं, पैसे नाहीत, हेही कर्जच. फक्त त्याचं व्याज सरकारऐवजी तो कंत्राटदार भरतो, आणि मग त्याच्याकडचा साईट इंजिनिअर दोन-दोन महिने पगाराची वाट बघतो. सिव्हिलच्या मंडळींनो, तो साईट इंजिनिअर म्हणजे पास झाल्यावरचे आपणच बरं का!

आता थोडं गणित. घाबरू नका, एम-थ्री एवढं अवघड नाही. कर्ज वाढतं व्याजाच्या दराने आणि उत्पन्न वाढतं अर्थव्यवस्थेच्या वाढीने. केंद्राला कर्ज पडतं सरासरी सात टक्क्यांच्या आसपास. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महागाईसकट वाढ धरली होती साधारण दहा टक्के. मधली ही तीन टक्क्यांची फट आपल्याला वाचवते. तिच्यामुळे ५६ टक्क्यांच्या घरातलं कर्जाचं प्रमाण काही न करता वर्षाला दीडेक टक्क्याने उतरतं. पण वाढ मंदावली किंवा व्याज महागलं की फट मिटते. मग सरकारने पैसा पैसा वाचवला तरी प्रमाण जागचं हलत नाही.

हे आपल्या केटीसारखं आहे. एक केटी राहिली, पुढच्या सेमला निघेल म्हणून पुढे ढकलली. पुढच्या सेमचे विषय आहेतच. अभ्यासाचा वेग वाढला तर दोन्ही निघतात. नाही वाढला तर केटीचा अभ्यास करताना नवीन विषय राहतो, आणि एकाच्या दोन होतात. २०२५-२६ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट १५ लाख ६९ हजार कोटी धरली होती आणि व्याज १२ लाख ७६ हजार कोटी. म्हणजे नव्या उसनवारीतला ऐंशी टक्के भाग जुन्या उसनवारीच्या व्याजाएवढाच! केटी काढण्यासाठी नवी केटी घेणं यालाच म्हणतात.

"मग आपलं श्रीलंका होणार का?" असं मला एका मित्राने विचारलं. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची फेड थांबवली. पेट्रोलसाठी मैलमैल रांगा आपण टीव्हीवर पाहिल्या. आपणही १९९१ मध्ये तिथवर पोचलो होतो. परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं. तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून ४० कोटी डॉलर उभे केले. घरातली माणसं जे शेवटी करतात तेच देशाने केलं. पण ते संकट परदेशी चलनाचं होतं. आपलं आजचं कर्ज मुख्यतः रुपयांत आणि घरातल्या माणसांकडूनच घेतलेलं आहे, त्यामुळे उद्या तसंच होईल असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. जपानचं कर्ज त्यांच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त आहे, तरी जपान चालूच आहे.

घरातल्या कर्जाचा त्रास वेगळा असतो. तो ब्रेकिंग न्यूज होत नाही. बँकेतला पैसा आधी सरकारकडे जातो, म्हणून छोट्या वर्कशॉपवाल्याला कर्ज महाग पडतं. महागाई वाढली की आजीच्या एफडीची किंमत गुपचूप उतरते, आणि तिच्या तोट्यात सरकारचं कर्ज हलकं होतं. भरती रखडते, प्राध्यापकांच्या जागा कंत्राटी होतात. प्रयोगशाळेतलं मशीन बंद पडलं तर ग्रँट पुढच्या वर्षी. यातल्या कशावरही 'कर्जामुळे' अशी पाटी लावलेली नसते. एम.एस.ला जाणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. अमेरिकेच्या सरकारचा व्याजाचा खर्च २०२४ मध्ये संरक्षण खर्चाच्या पुढे गेला.

आता जरा नाजूक मुद्दा. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाच प्रवेश नाक्यांवर लहान गाड्यांचा टोल माफ झाला. त्यात आपला वाशी नाकाही आला आणि ऐरोलीही. विधानसभा निवडणूक महिन्यावर होती. आम्हीही खूश झालो, खोटं कशाला बोला! पण टोल 'माफ' होत नाही. तो फक्त वाशी नाक्यावरून उठून राज्याच्या तिजोरीत जाऊन बसतो, कारण ठेकेदाराची भरपाई करावीच लागते. आधी गाडीवाला देत होता. आता त्यात ज्याने आयुष्यात वाशीचा पूल पाहिला नाही असा गडचिरोलीचा माणूसही आला.

लाडकी बहीण योजनेसाठी २०२५-२६ मध्ये ३६ हजार कोटी ठेवले होते. कट्ट्यावर त्यावर फार सवंग विनोद होतात, ते मला आवडत नाहीत. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या हातात महिना दीड हजार येणं ही लहान गोष्ट नाही. आणि २०२४-२५ पासून आपल्याच वर्गातल्या कित्येक मुलींची फी शासन भरतं, तेव्हा सरकारी पैशाला नावं ठेवताना आधी स्वतःच्या पानात काय वाढलंय तेही बघावं. माझा आक्षेप मदतीला नाही. दर महिन्याचा खर्च दर महिन्याच्या उत्पन्नातून झाला पाहिजे, एवढंच म्हणणं आहे. द्यायचं असेल तर जरूर द्या, पण त्यासाठी कोणता कर वाढवणार किंवा कोणता खर्च कमी करणार तेही त्याच सभेत सांगा. ते न सांगता दिलेलं आश्वासन म्हणजे ऋण काढून सण, आणि सणाचं बिल ज्यांना अजून मताचा अधिकारही नाही अशा शाळकरी पोरांच्या नावावर.

कायदे नाहीत असं नाही. केंद्राचा वित्तीय जबाबदारीचा कायदा २००३ चा, राज्याचा २००५ चा. तूट कमी करण्याच्या तारखा कित्येकदा पुढे ढकलल्या गेल्या. सबमिशनची डेडलाइन जशी आपण ढकलतो तशीच. कोविडच्या वर्षात ते समजण्यासारखं होतं, तेव्हा कर्ज काढलं नसतं तर माणसं उपाशी राहिली असती. पण दर वर्ष कोविडचं नसतं. आता केंद्राने मार्च २०३१ पर्यंत कर्जाचं प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आणायचं ठरवलं आहे. २०३१ म्हणजे आपण नोकरीत चार-पाच वर्षं जुने झालेले असू. ही तारीख लक्षात ठेवू या.

मग आपण करायचं काय? उपोषणाला बसा असं मी सांगत नाही. यापुढे कुठल्याही नव्या प्रकल्पाची, योजनेची किंवा माफीची घोषणा ऐकली की टाळ्या वाजवण्याआधी तीन गोष्टी विचारा. पैसा उत्पन्नातून की उसना? उसना असेल तर त्यातून उद्या काही मिळणार आहे का, की मेसचं बिल आहे? आणि काम पुरं कधी होणार? पहिले दोन प्रश्न मतदार म्हणून विचारायचे. तिसरा मात्र उद्या आपल्यालाच कोणीतरी विचारेल, साईटवर किंवा डिझाइन ऑफिसमध्ये. एस्टिमेट मुद्दाम कमी दाखवून मंजुरी घ्यायची आणि मग दरवर्षी 'सुधारित' करायचं, अर्धवट सर्व्हेवर काम सुरू करायचं, एक संपण्याआधी दुसऱ्याचा नारळ फोडायचा, यातल्या प्रत्येक कागदावर एका इंजिनिअरची सही असते. ती सही उद्या आपली असेल. अर्थमंत्री आपल्यातला कोणी होईल की नाही सांगता येत नाही, पण कुठल्या ना कुठल्या कालव्याचं, पुलाचं नाहीतर सबस्टेशनचं वेळापत्रक आपल्या हातात नक्की येणार आहे. ते पाळलं तर निदान तेवढ्या कर्जाचं तरी सोनं होईल.

– तृतीय वर्ष, सिव्हिल